पाटीवरचं नाव कुणाचं? भेटीदाखल मिळालेल्या जुन्या रिव्हॉल्व्हरचा मूळ धनी शोधताना

इंदूरच्या रामबागेतल्या एका जुन्या घरात खंडेनवमीला पूजेच्या पाटावर दोन तलवारी, एक कट्यार आणि महॉगनीच्या पेटीतलं एक रिव्हॉल्व्हर मांडतात. पेटीच्या झाकणावर पितळी पाटी आहे. "ताई, हे आमच्या पणजोबांना खुद्द तुकोजीराव होळकर महाराजांनी सत्तावन साली दिलं," असं घरातले काका मला म्हणाले आणि पाटीवर बोट ठेवून साल दाखवलं. आकडे मलाही १८५७च दिसले. पुढचे आठ महिने त्या एका पाटीत गेले. शेवटी साल वेगळं निघालं, देणारेही वेगळे निघाले, आणि पणजोबांबद्दल घरात कुणालाच ठाऊक नसलेलं बरंच काही हाती लागलं.

इंदूर, महू, देवास, धार या पट्ट्यात अशी नाव कोरलेली हत्यारं अजून बऱ्याच घरांत आहेत. संस्थानची चाकरी, रेसिडेन्सीची कचेरी, महूची छावणी, रेल्वे, जंगलखातं, असा सगळा राबता इथे होता. बदली झाली, पेन्शन झाली, एखादं अवघड काम पार पडलं की पेटीबंद रिव्हॉल्व्हर भेट द्यायची रीत होती. मी मोडी शिकले ती घरचे कागद वाचण्यासाठी. ते कळल्यावर लोक पाट्या वाचायला बोलावू लागले. माझ्या नावावर परवान्याचं एकच रिव्हॉल्व्हर आहे, वडिलांकडून आलेलं. बाकी माझा संग्रह म्हणजे रिकाम्या पेट्या, सुट्या पाट्या, दुकानांची बिलं, पत्रं आणि वेगवेगळ्या घरांतल्या हत्यारांच्या नोंदींच्या वह्या. या नादाला नव्याने लागणाऱ्याला मी एवढंच सांगते: नाव आधी गोळा करा, हत्यार सगळ्यात शेवटी.

आधी कायदा

हत्यार शंभर वर्षांचं झालं की परवाना लागत नाही, असा आपल्याकडे खोल रुजलेला गैरसमज आहे. शस्त्र कायदा, १९५९च्या कलम ४५ मध्ये सूट आहे खरी, पण ती जुन्या बनावटीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या अशा हत्याराला, जे दुरुस्त केलं तरी बंदूक म्हणून वापरता येणार नाही. हा शेवटचा भाग लोक वाचतच नाहीत. १८५५चं टोपीचं रिव्हॉल्व्हर (काडतूस नाही, दारू ठासून मागे छोटी स्फोटक टोपी बसवायची) असेल, पण घोडा चढत असेल, चक्र फिरत असेल आणि नळी साफ असेल, तर ते चालू शकतं आणि त्याला परवाना लागतो. चालतं की नाही हे घरच्या घरी ठरवू नका. परवाना देणाऱ्या कार्यालयात अर्ज करा, तपासणी करून घ्या आणि उत्तर लेखी घ्या.

२०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात. पूर्वी ही मर्यादा तीनची होती. वारशाने आलेलीही याच दोनात धरली जातात. परवानाधारक वारला तर हत्यार कपाटात तसंच राहू देऊ नका. विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या, मग वारसाने अर्ज करावा. खासगी मालकाकडून घ्यायचं असेल तर घेणाऱ्याकडे आधी परवाना हवा, विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायला हवं, आणि कळवल्यानंतर किमान ४५ दिवस जायला हवेत. शिवाय शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली येते. ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार करायला वेगळा परवाना लागतो. परदेशातला कुणी मोठी किंमत सांगून "फक्त पाठवून द्या" म्हणाला, तर तिथेच विषय संपवा.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की बहुतेक ठिकाणी परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. त्या वेळी हत्यार जातं, पेटी घरी राहते, आणि परत आल्यावर ते भलत्याच कपाटात ठेवलं जातं. दोन-तीन निवडणुकांत जोडी कायमची फुटते. म्हणून जमा करण्याआधी हत्यार पेटीत ठेवून फोटो काढा आणि पावतीवर क्रमांक नीट उतरवला आहे ना, ते तिथेच उभं राहून वाचा.

हात लावण्याआधी

जुनं हत्यार भरलेलंच आहे असं धरून चाला. टोपीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये चक्राच्या पुढच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासत असत. बार तसाच राहिला आणि ओल लागली नाही, तर काळी दारू दीडशे वर्षांनीही पेटते. परवानाधारकासमोर, त्याच्याच घरी, नळी भिंतीकडे करून चक्राच्या पुढच्या तोंडांवर बाजूने बॅटरी मारा. चक्राच्या एखाद्या खणात शिशाचा राखाडी गोल दिसला तर हत्यार खाली ठेवा आणि परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्याला बोलवा. काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरचं बाजूचं दार उघडून चक्राचे सगळे खण एकेक करून पाहा. पुन:पुन्हा घोडा ओढून "कसा वाजतो" हे पाहायची खोड मुलांना लावू नका. जुन्या कमानी (स्प्रिंगा) मोडतात आणि तसे सुटे भाग आज मिळत नाहीत.

पाटी वाचणं

पाटी पुसू नका. माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हेच आहे. आपल्याकडे पितळ म्हटलं की चिंच किंवा राख हातात येते. दर दसऱ्याला थोडी थोडी घासली गेलेली पाटी शंभर वर्षांत आरशासारखी होते आणि अक्षरं उरतात केसाएवढी. रामबागेतली पाटी अशीच चकचकीत होती. एक गोष्ट मात्र कामी आली. पूजेचं कुंकू अक्षरांच्या चरांत बसून वाळलं होतं, त्यामुळे पहिल्या दोन ओळी लाल अक्षरांत जणू छापल्यासारख्या वाचता आल्या. कुंकवाची ओल लोखंडाला गंज आणते, म्हणून पूजेला हळद-कुंकू पेटीला लावा, हत्याराला नको. पण चरांत आधीच बसलेलं कुंकू वाचन पूर्ण होईपर्यंत काढू नका.

खोली अंधारी करा. मोबाइल तिपाईवर किंवा पुस्तकांच्या चळतीवर स्थिर ठेवा, कॅमेरा पाटीच्या बरोबर समोर. दुसऱ्या हाताने बॅटरी पाटीच्या पातळीला, अगदी आडवी धरून चारही बाजूंनी एकेक फोटो घ्या. उजेड समोरून आला की अक्षरं पुसून जातात, आडवा आला की खोल रेघांत सावली भरते. मग पातळ ट्रेसिंग कागद ठेवून मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने ठसा घ्या. असे फोटो मोठे करून पाहिल्यावर "१८५७" मधल्या पाचाचं पोट वेगळं दिसायला लागलं. ती कोरलेली रेघ नव्हती. घासणीचा एक अर्धगोल ओरखडा इंग्रजी सातच्या आकड्याखाली नेमका बसला होता. कोरलेली रेघ मध्ये खोल आणि टोकांना निमुळती असते, ओरखडा सारखाच उथळ. साल होतं १८७७.

दुसरं कोडं तीन अक्षरांचं होतं. नावाखालच्या ओळीत इंग्रजी "एच. एस. आर." होतं. घरात त्याचा अर्थ "हिज... काहीतरी रॉयल, म्हणजे महाराज" असा लागला होता. अशा आद्याक्षरांची यादी जवळ ठेवा. ए.जी.जी. म्हणजे गव्हर्नर जनरलचा एजंट, मध्य भारतासाठी हे पद १८५४ पासून. सी.आय.एच. म्हणजे सेंट्रल इंडिया हॉर्स हे घोडदळ. पी.डब्ल्यू.डी. बांधकाम खातं. किताबांनी सालाची खालची हद्द ठरते. स्टार ऑफ इंडियाचा मान १८६१ पासून, त्यातला के.सी.एस.आय. दर्जा १८६६ पासून, सी.आय.ई. (कंपॅनियन ऑफ द इंडियन एम्पायर) १८७८ पासून. १८७० सालच्या पाटीवर सी.आय.ई. दिसलं तर काहीतरी नक्की चुकलं आहे.

नावांची इंग्रजी वर्तणी (स्पेलिंग) आजची शोधू नका. तेव्हाचे साहेब कानाने ऐकलेलं लिहीत. तुकोजी कधी दोन ओंनी लिहिलेला सापडतो, गायकवाडांचं "गुईकवार" होतं, शिंद्यांच्या शेवटी एच लागतं. आडनावाच्या जागी पुष्कळदा फक्त वडिलांचं नाव असतं. एकाच माणसाच्या पाच-सहा वर्तण्या आधी कागदावर लिहून घ्या आणि मग शोधाला बसा.

पाटीवर देवनागरी किंवा मोडी मजकूर असेल, किंवा घरच्या कागदांशी मेळ घालायचा असेल, तर सालाचा प्रकार ओळखा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. विक्रम संवतातून ५७ वजा करा, जानेवारी ते चैत्राआधीपर्यंत ५६. शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. फसलीत प्रांतागणिक दोन-तीन वर्षांचा फरक पडतो, म्हणून फसली साल एकट्यावर कधी विसंबू नका.

हत्याराचं वय आणि पाटीचं वय

पाटी हत्याराहून नवी असू शकते. जुनी असली तर मात्र जोडी खोटी. म्हणून हत्याराचं वय पाटीकडे न बघता वेगळं काढायचं.

ठळक खुणा लवकर कळतात. चक्राच्या मागे टोप्या बसवायच्या बोंड्या असतील तर ते टोपीचं. ॲडम्सचं पेटंट १८५१चं, बोमाँटची सुधारणा १८५६ची. सॅम्युएल कोल्टचा लंडनचा कारखाना १८५३ पासून जेमतेम तीन-चार वर्षं चालला, त्यामुळे त्या कारखान्यात बनलेलं कोल्ट त्या काळात घट्ट बसतं. काडतुसाची रिव्हॉल्व्हर भारतातल्या साहेब लोकांच्या हाती प्रामुख्याने १८६० नंतर दिसतात. बर्मिंगहॅमच्या वेब्लीचं आखूड, जाडजूड आर.आय.सी. (रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरी, म्हणजे आयर्लंडचं पोलीसदल) रिव्हॉल्व्हर १८६८चं. वेब्लीचं सरकारी मार्क वन १८८७चं आणि पहिल्या महायुद्धातलं मार्क सिक्स १९१५चं.

मग भिंग घ्या आणि परीक्षेचे ठसे पाहा. इंग्लंडमध्ये प्रत्येक नळी आणि चक्र सरकारमान्य परीक्षागृहात नेहमीपेक्षा जास्त बाराने तपासून ठसा मारत. बर्मिंगहॅमचा १९०४ आधीचा ठसा मुकुटाखाली एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन राजदंड आणि त्यांच्या कोनांत अक्षरं असा असतो. १९०४ नंतर मुकुटाखाली सरळ अक्षरं. लंडनचा ठसा मुकुटाखाली गुंतवलेली जी आणि पी. लंबगोलात ई.एल.जी. असेल तर माल बेल्जियमच्या लिएजचा, आणि त्या लंबगोलावर मुकुट असेल तर १८९३ नंतरचा. इंग्रजी नाव कोरलेलं बेल्जियन हत्यार पुष्कळ भेटतं. म्हणून ते नकली ठरत नाही, दुकानदारांनी स्वस्तात मागवून आपलं नाव घातलेलं असतं.

नळीवरचं नाव बनवणाऱ्याचं असेल असंही नाही. कलकत्त्याचे मँटन, रॉड्डा, लायन अँड लायन यांची नावं हजारो हत्यारांवर आहेत. ते विकणारे होते. आर्मी अँड नेव्ही या लंडनच्या दुकानाच्या नावापुढे सी.एस.एल. (को-ऑपरेटिव्ह सोसायटी लिमिटेड) ही अक्षरं असतील तर विक्री १८७१ ते १९३४ मधली, कारण १९३४ मध्ये त्या दुकानाचं नाव बदललं. त्या दुकानाच्या बंदूक-विक्रीच्या वह्यांचा काही भाग ग्लासगो विद्यापीठाच्या संग्रहात आहे. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कारखान्यांच्या बाबतीत क्रमांक कळवला आणि शुल्क भरलं, तर हत्यार कधी आणि कुठे रवाना झालं याचं पत्र मिळू शकतं. भारतात बसून मिळणाऱ्या पुराव्यांत इतका थेट पुरावा दुसरा क्वचितच असतो.

रामबागेतलं रिव्हॉल्व्हर वेब्लीचं आर.आय.सी. नमुन्याचं निघालं, नळीवर राजदंडांचा ठसा. पाटीवरचं साल सत्याहत्तर की सत्तावन, हा वाद त्याच संध्याकाळी मिटला. १८५७ मध्ये ते हत्यार जन्मलंच नव्हतं.

कोरलेलं तेव्हाचं की मागाहूनचं

नाव नसलेलं रिव्हॉल्व्हर आणि १८५७चं नाव असलेलं रिव्हॉल्व्हर यांच्या किमतीत मोठा फरक पडतो, म्हणून नावं मागाहून कोरली जातात. हे ओळखायला दहापट भिंग आणि थोडा सराव पुरतो.

हाताने कोरलेल्या रेघेत कोरणीचा व्ही आकाराचा चर दिसतो. खोली कमी-जास्त होते, वळणावर रेघ जाड होते. यंत्राने कोरलेली रेघ सगळीकडे सारखी खोल आणि तळाशी गोल असते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे झीज. मूठ सतत हातात धरलेली असते. तिथला धातू गुळगुळीत झाला असेल तर त्यावरच्या अक्षरांच्या कडाही तितक्याच गुळगुळीत हव्यात. भोवताली गंजाचे खड्डे आणि अक्षर मात्र खड्ड्याला कापून धारदार गेलेलं, असं दिसलं तर अक्षर गंजानंतरचं आहे. खरं जुनं अक्षर असेल तर खड्डा अक्षराला खाऊन जातो.

पेटीवरच्या पाटीची परीक्षा पाटीच्या खाली होते. मी सुरुवातीच्या काळात एका बाजारातून पाटीसकट रिकामी पेटी घेतली. पाटीवरचं नाव आणि हुद्दा जुन्या आर्मी लिस्टमध्ये (फौजी अधिकाऱ्यांच्या छापील यादीत) तंतोतंत सापडला आणि मी हरखून गेले. दोन वर्षांनी एक स्क्रू सैल झाला म्हणून पाहिलं, तर त्याच्या डोक्यावर फुलीची खाच होती. असे स्क्रू बाजारात आले ते १९३०च्या दशकात. पाटी उचलली तर खालचं लाकूड आजूबाजूइतकंच काळवंडलेलं. शंभर वर्षं झाकलेल्या लाकडाचा रंग फिका राहतो आणि पाटीच्या कडेने मेणाची, धुळीची एक किनार बसते. ते नाव कुणीतरी यादीतूनच उचललं होतं. तेव्हापासून नाव यादीत आहे एवढ्यावर माझा विश्वास बसत नाही. खोटं करणाऱ्याकडेही यादी असतेच.

उलट, चुकीचं इंग्रजी दिसलं म्हणून लगेच नकली म्हणू नका. सराफ्यातले कारागीर कागदावर लिहून दिलेली इंग्रजी अक्षरं चित्रासारखी उतरवून काढत. उलटा एन, मध्येच संपलेला शब्द, ओळीच्या शेवटी कोंबलेलं अक्षर, हे त्यांच्या खऱ्या कामात दिसतं.

आणखी एक फरक. ब्रिटिश अधिकारी रिव्हॉल्व्हर स्वतःच्या पैशाने घेत आणि त्यावर नाव, पलटण घालत. ते मालकीचं नाव. भेटीच्या मजकुरात कुणी, कुणाला आणि कशाबद्दल, यांपैकी निदान दोन गोष्टी हव्यात. नुसत्या नावावरून "सप्रेम भेट" ठरवू नका.

भेट कुठल्या दिशेने गेली

महाराजांनी साहेबाला दिलं, असं घरोघरी ऐकू येतं. इथे जपून. कंपनीच्या नोकरांनी भेटी घेण्यावर १७७३च्या रेग्युलेटिंग ॲक्टने बंदी घातली होती. पुढेही दरबारात मिळालेला नजराणा अधिकाऱ्याला स्वतःजवळ ठेवता येत नसे. तो सरकारी तोशाखान्यात, म्हणजे भेटवस्तूंच्या भांडारात, जमा होई. तिथून तीच वस्तू दुसऱ्या कुणाला परतभेट म्हणून जाई, नाहीतर लिलावात विकली जाई. म्हणजे संस्थानिकाचं नाव असलेलं हत्यार एखाद्या तिऱ्हाइताच्या घरी सापडलं, तर त्यात चोरी-लूट नसून लिलावही असू शकतो. तोशाखान्याचे हिशेब आणि पत्रव्यवहार परराष्ट्र खात्याच्या फायलींत मिळतात.

साहेबाकडून देशी माणसाला दिलेली भेट शोधायला तुलनेने सोपी. १८७८च्या शस्त्र कायद्यानंतर ब्रिटिश मुलखात हत्यार बाळगायला परवाना किंवा सूट लागे, आणि त्याचे कागद तयार होत. संस्थानांत त्यांचे स्वतःचे नियम. इंदुरात तर गंमत अशी की शहर होळकरांचं, पण रेसिडेन्सीची हद्द, महूची छावणी आणि रेल्वेची जमीन ब्रिटिश अंमलाखाली. तुमचा माणूस राहत कुठे होता आणि कामाला कुठे होता, त्यावर त्याचा कागद कुठल्या दप्तरात असेल ते ठरतं.

माणूस शोधणं

सुरुवात घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसापासून करा, आणि आपली माहिती त्यांच्यासमोर आधी मांडू नका. मोबाइलवर रेकॉर्ड करायची परवानगी घ्या, तारीख बोलून नोंदवा, आणि विचारा: हे घरात कुणी आणलं, कुणाच्या खोलीत असायचं, पूजेला कधीपासून ठेवतात. काकूंनी सहज एक गोष्ट सांगितली, सासूबाई त्याला "घाटाचं पिस्तूल" म्हणायच्या. काकांना हे माहीतच नव्हतं. त्या दोन शब्दांनी सगळं शोधकाम मार्गी लागलं.

मग घरचे कागद. जुन्या परवान्याच्या पुस्तकात क्रमांक आणि बोअर (नळीचा व्यास) असतो, तो हत्याराशी ताडून पाहा. सनदा, पेन्शनचे हुकूम, लग्नपत्रिका, फोटोंच्या मागच्या बाजू, बोहारणीला द्यायच्या आधी वाचलेल्या सगळ्या ट्रंका. पणजोबांच्या ट्रंकेत मोडीतलं एक पत्र होतं, शके १७९९चं, म्हणजे १८७७. त्यात "पाताळपाणीचे काम सिद्धीस गेले" असं वाक्य होतं. एच.एस.आर. म्हणजे होळकर स्टेट रेल्वे. तुकोजीराव दुसरे यांनी १८७० मध्ये या मार्गासाठी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. खंडव्याहून नर्मदा ओलांडून, पाताळपाणी-कालाकुंडाचा घाट चढून ही गाडी १८७८ पर्यंत इंदूरला पोचली. घरच्या गोष्टीत तुकोजीराव आले ते बहुधा याच वाटेने. रेल्वे त्यांच्या नावाची होती, भेट मात्र घाटावरच्या इंजिनियरांनी आपल्या ओव्हरसियरला, म्हणजे पणजोबांना, दिली होती.

घरचा पुरावा एकटा पुरेसा नसतो, बाहेरचा एक तरी हवा. सरकारी नोकरांसाठी खात्यांच्या छापील वर्गवार याद्या आणि सेवा-इतिहासाची पुस्तकं असतात. फौजेसाठी आर्मी लिस्ट, कचेऱ्या आणि व्यापाऱ्यांसाठी थॅकरची डिरेक्टरी. इंजिनियर असेल तर लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनियर्सच्या कार्यवृत्तांत मृत्युलेख मिळतात आणि त्यात कुठल्या वर्षी कुठल्या पुलावर होता इतका तपशील असतो. देणाऱ्या इंजिनियरांपैकी दोघांची नावं आम्हाला तिथेच पटली. ब्रिटिश कुटुंबांचे बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात आहेत, बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तीन मालिकांत. ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांचा शोध घेणाऱ्या फिबिस या संस्थेच्या संकेतस्थळावर नावाने फुकट शोधता येतं. महूचं कुणी असेल तर तिथल्या ख्रिस्ती दफनभूमीत एक चक्कर माराच.

सेंट्रल इंडिया एजन्सीचं मुख्यालय इंदुरात होतं, पण तिच्या फायलींसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे वळावं लागतं. अभिलेख पटल या त्यांच्या संकेतस्थळावर घरबसल्या सूची चाळता येते. तिथे माणसाच्या नावाने शोधून सहसा काही येत नाही. हुद्दा, गाव आणि साल घालून शोधा, जुन्या वर्तणीसकट. लुआर्ड या ब्रिटिश अधिकाऱ्याने संकलित केलेलं १९०८चं इंदूर संस्थानचं गॅझेटियर आधी वाचून ठेवलं तर परगणे, खाती आणि हुद्दे यांची नावं कळतात आणि शोध नेमका होतो. ग्वाल्हेर संस्थानचंही असंच आहे. बडोद्याचं नाव पाटीवर असेल तर वडोदऱ्याच्या दप्तरखान्यात जाण्याआधी तारीख आणि खातं हातात हवं. नुसतं आडनाव घेऊन गेलात तर हात हलवत परत याल.

दोन सारख्या नावांचे लोक नेहमी निघतात. माणूस तोच आहे हे म्हणायला नावाखेरीज आणखी दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत: त्या वर्षी तो त्या जागी होता, आणि देणाऱ्याचा त्याच्याशी कामाचा संबंध होता. एक जरी निसटली तर वहीत "संभाव्य" लिहा.

जपणूक

चामड्याच्या पाकिटात हत्यार कधीही ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि त्यातले क्षार पोलाद खातात. पावसाळ्याआधी शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पुड्या दर महिन्याला बदलणं, एवढं पुरतं. पुन्हा काळा रंग चढवणं, नवी पाटी बसवणं, मुठीला पॉलिश, यातलं काही करू नका. पेटीतली जुनी तेलाची बाटली, गोळ्यांचा साचा, टोप्यांची डबी, फाटकं लेबल, सगळं जिथल्या तिथे राहू द्या. लेबलावरचा दुकानाचा पत्ता कधीकधी सालाचा शेवटचा धागा जोडून देतो.

घरच्यांना सांगताना

हे काम सगळ्यात अवघड. काकांना मी सगळे फोटो एका क्रमाने दाखवले. आधी ओरखडा, मग राजदंडांचा ठसा, मग पत्र. निष्कर्ष माझ्या तोंडून आधी सांगितला नाही. सत्याहत्तरचा आकडा त्यांनी स्वतः वाचला आणि बराच वेळ गप्प बसले. "म्हणजे बाबा खोटं सांगत होते?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही काका. पाटीवर दिसलं तेच ते सांगत होते." काकू मागून म्हणाल्या, "मी म्हणत नव्हते, घाटाचं पिस्तूल?"

शेवटी एक कार्ड लिहायचं, आम्लविरहित कागदावर आणि पेन्सिलीने. त्यावर तीन भाग वेगळे ठेवा. पहिल्यात हत्यारावर प्रत्यक्ष जे दिसतं ते: बनावट, क्रमांक, ठसे, पाटीचा मजकूर अक्षर न अक्षर. दुसऱ्यात कागदांनी सिद्ध झालेलं, आणि प्रत्येक वाक्यापुढे कुठल्या कागदावरून ते. तिसऱ्यात घरची आठवण, सांगणाऱ्याच्या नावासकट. घरची आठवण पुराव्याशी जुळली नाही म्हणून खोडून टाकू नका. "तुकोजीरावांनी सत्तावन साली दिलं अशी घरात समजूत होती" हे वाक्यही त्या कार्डावर आहे. खाली कोरी जागा सोडा, कारण पाताळपाणीच्या कामावरच्या तिसऱ्या इंजिनियरचं नाव अजून लागायचं आहे. कार्डाची एक प्रत परवान्याच्या पुस्तकात राहते. मूळ कार्ड पेटीत, हिरव्या बनातीखाली आहे. काका आता खंडेनवमीला पाटी ओल्या हाताने पुसू देत नाहीत.